भरीला गडी

आमच्या घराण्यात कुणी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. माणूस जायचा, त्याचे दिवस व्हायचे, आणि पाहुणे परतण्याआधीच वाटणीचा तंटा सुरू व्हायचा. माझे चुलते बांधाच्या दाव्यात कोर्टात हेलपाटे घालत गेले. वडिलांनी स्वतः समोर बसून वाटण्या करून दिल्या, तरी माझा थोरला भाऊ आणि मी एका आंब्याच्या फांदीवरून काही वर्षं बोलत नव्हतो. म्हणून पत्नी गेल्यावर मी ठरवलं की माझं काम मी हयातीत उरकेन. प्रकृती उत्तम होती. मृत्युपत्र प्रकृती उत्तम असतानाच करावं, असं वकिलांनीही सांगितलं.

मला दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरल्याचं शाहूपुरीत पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तो कोल्हापुरातच राहतो. धाकटा गावी माझ्याजवळ, ऊस आणि म्हशी पाहतो. मुलगी दोघांच्या पाठची. ती बेळगावला दिली आहे आणि तिथल्या शाळेत शिकवते. तिघंही मला अण्णा म्हणतात. गावही म्हणतं.

आणि आमच्याकडं एक सालगडी होता. त्याला माझी मुलं तात्या म्हणत आणि त्याच्या बायकोला मावशी. मळ्यातल्या दोन खोल्यांत ते राहत. त्याचा बाप चंदगडच्या डोंगरातून कामासाठी म्हणून आमच्या वडिलांकडं आला तो परत गेला नाही. हा आमच्या मळ्यातच वाढला. त्याला एकच मुलगी. ती त्यानं बापाच्या गावी, चंदगडकडं दिली होती.

वाटणीची आमच्याकडं एक रीत आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. आपल्याला शेवटी उरेल ते घ्यायचं आहे हे ठाऊक असल्यामुळं थोरला वाटे सारखे पाडतो. निदान पाडायचा प्रयत्न करतो. पण जमीन कधी सारखी नसते. एक वाटा हलका पडला की त्यात वरून काहीतरी घालून तो जड करायचा. त्याला भरीला घालणं म्हणतात. कुणी भरीला म्हैस घालतो, कुणी बैलगाडी, कुणी गूळ करायची काहील. ही रीत मला मान्य होती. मी थोरल्याला सांगितलं, तीन वाटे पाडून आण.

"तीन?" तो म्हणाला. "धाकटी हक्कसोड देणार न्हवं?"

"तिनं तसं मला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं असेल तर तिचा कागद आण."



माघातल्या एका रविवारी सकाळी तिघं सोप्यात बसली. थोरल्यानं मनाशी जुळवून आणलं होतं. पहिला वाटा नदीकाठचं रान. दुसरा विहिरीकडचं रान आणि गुऱ्हाळाची जागा. तिसरा गावातलं राहतं घर, शाहूपुरीतला दुकानाचा गाळा आणि कळंब्याची मोकळी जागा. ती जागा मी फार पूर्वी, तिथं तलावाकाठी नुसतं गवत असताना, स्वतःच्या कमाईतून घेतली होती. आता तिच्या चारी बाजूंनी घरं झाली आहेत.

"नदीकाठचं रान कसदार हाय," थोरला म्हणाला, "पण पुराचं. वाटा हलका पडतोय. म्हणून त्याच्या भरीला तात्या."

"तात्या?" मुलीनं विचारलं.

"मग? पाणी चढलं की मोटर वर घ्यायला, म्हसरं काढायला घरचा माणूस नको? तात्याशिवाय ते रान कुणाला झेपायचं न्हाय."

धाकटा उसळला. "आणि विहिरीकडचं झेपतंय व्हय? शाहूपुरीत पंख्याखाली बसून वाटायला काय जातंय तुझं! धारा कोण काढतंय, तू? तात्या माझ्याकडं ऱ्हाणार."

"मग पुराचं रान उचल की. तात्या मिळंल."

"मी का पुराचं उचलू?"

"मग तात्याबी मागू नको."

मुलगी दोघांकडं पाहत होती. ती म्हणाली, "भांडता कशाला? एकानं तात्याला घ्या, एकानं मावशीला घ्या. मला त्यांचं कुत्रं द्या. बेळगावला राखणीला होईल."

कुणी हसलं नाही. गडी अंगणातच होता. म्हशींपुढं टाकायला वैरणीची पेंढी सोडत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, कारण आमच्या घरात हळू कुणी बोलत नाही. त्यानं पेंढी अर्धी सोडली, अर्धी तशीच ठेवली, आणि म्हशीचा कासरा सोडून तो तिला पाण्यावर घेऊन गेला. म्हशीला पाणी त्याआधीच पाजून झालं होतं.

"पुढचं पुढच्या रविवारी," मी म्हणालो आणि उठलो.

माझ्या मुलांनी काही जगावेगळं केलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी ते माझ्याच घरात पाहिलं होतं; निदान ऐकलं तरी होतं. वडिलांनी वाटण्या केल्या तेव्हा माझ्या थोरल्या भावानं वाटे पाडले आणि मी उचलला. मी उचलला त्या वाट्याच्या भरीला या गड्याचा बाप होता. वाटण्या झाल्या त्या दिवशी भावाच्या गोठ्यातून आपली वाकळ काखेला मारून तो माझ्या गोठ्यात आला. मागून त्याची बायको आणि मुलं, त्यांत हाही. चुलीवरची तवली बायकोनं डोक्यावर घेतली होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. आई त्या संध्याकाळी म्हणाली, "चांगला वाटा आला." तिचा रोख जमिनीकडं होता की माणसाकडं, हे मी विचारलं नाही. तसं होतं, एवढंच मी इथं नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी चहाला आला नाही. धार काढून दुधाची किटली उंबऱ्याशी ठेवून परस्पर मळ्यात गेला. थोड्या वेळानं त्याची बायको आली. ती गोठा झाडून घरी जाताना रोज सोप्यासमोरून जाते. त्या दिवशी थांबली.

"अण्णा, एक इच्यारायचं हुतं."

"विचार."

"आमी कुणाच्या वाट्याला आलोय?"

"कुणाच्याही नाही."

"तसं कसं? काल थोरलं धनी म्हणत हुतं की. न्हाय, कुटं का आलो आसना. शाहूपुरीत जायाचं असंल तर आदी सांगा. भांडी बांधायला बरं पडतंय."

ती रागानं बोलत नव्हती. बाजारचा भाव विचारावा तसं विचारत होती. मी तिला म्हणालो, मी काय ते पाहतो. "बघा," असं म्हणून ती गेली.

मी त्याच दिवशी एसटीनं शाहूपुरीला वकिलांकडं गेलो. त्यांना म्हणालो, कळंब्याची जागा माझी स्वकष्टाची आहे. ती मला सालगड्याच्या नावे लिहायची आहे आणि तो कुणाच्याही वाट्यात नाही हेही लिहायचं आहे. वकील म्हणाले, जागा स्वकष्टाची असेल तर कुणाच्याही नावे लिहिता येते. मात्र माणूस वाट्यात नाही हे लिहायची गरज नसते, कायद्यानं तो नसतोच. मी म्हणालो, कायद्याला ठाऊक असेल, आमच्या गावाला नाही. ते हसले आणि त्यांनी कच्चा मसुदा करायला घेतला.

परत येताना मला बरं वाटत होतं. प्रश्न सुटला अशी माझी खात्री झाली होती. आम्ही जैन; संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवून घेतलं आणि मळ्यात गेलो. त्याच्या खोल्यांसमोर बाज होती, तिच्यावर मी बसलो. ती दोघं खाली बसली. मी सांगितलं, "माझ्या माघारी कळंब्याची जागा तुझी. तसं मृत्युपत्रात लिहितोय. तू कुणाच्या वाट्यात नाहीस. हे लेखी होतंय."

गड्यानं मान लववली. "व्हय, अण्णा."

त्याची बायको म्हणाली, "तुमच्या माघारी म्हंजे?"

"मी गेल्यावर."

"म्हंजे तुमी जाईस्तोवर आमी हितं बसायचं?"

"गप की," गडी म्हणाला.

"का म्हणून गप? अण्णांचं वडील किती म्हातारं होऊन गेलं, ठावं हाय न्हवं? दात शाबूत हुतं त्येंचं. आन् ह्येंची तब्येत बघा. कोल्हापूरला एसटीनं जाऊन माघारी आल्यात आन् जेवून हितपर्यंत चालत आल्यात. ह्ये काय आमच्या आदी जायाचं लक्षण हाय व्हय?"

गड्यानं डोक्याला हात लावला. मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं. मी त्याला मुलांच्या वाट्यातून सोडवलं होतं आणि माझ्या मरणाला बांधून ठेवलं होतं. त्यानं इथं बसून माझ्या जाण्याची वाट पाहायची, आणि मी रोज सकाळी उठून त्याची निराशा करायची, अशी ती व्यवस्था होती. वकिलांच्या ती लक्षात आली नाही. माझ्याही नाही. मृत्युपत्र करणारा माणूस सगळं आपल्या मरणापासून मोजतो. दुसऱ्याचं आयुष्य त्याआधीच चालू असतं, हे त्याला सुचत नाही.

"तुला काय पाहिजे?" मी त्याला विचारलं.

तो जमिनीकडं पाहत राहिला. बायकोनं कोपरानं ढोसलं.

"चंदगडला जायाचं हुतं," तो म्हणाला. "बाचं घर पडलंय, पर पट्टी हाय थोडी, माझं नाव हाय तिच्यावर. पोरगी त्याच गावात. ती म्हणतीया, या. दोघं थकलासा, या."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"कवा बोलायचं?"

"पाडव्याला. साल पाडव्याला संपतं."

"तवाच बोलायचं म्हणून येतो की, अण्णा. दर पाडव्याला ह्येच ठरवून येतो. बायको घोकून घेती. पर दारात आलो की तुमी हाक मारतासा, म्होरं बसवतासा आन् फेटा बांधतासा. येकदा डोस्क्यावर फेटा चढला की साल बांधलं. त्येच्यावर काय बोलणार?"

इथं खुलासा करायला हवा. सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं. त्या सकाळी मालक त्याला नवा फेटा बांधतो. फेटा घेतला म्हणजे पुढचं वर्ष कबूल. वडील बांधत, मीही बांधत आलो. चांगल्या सुताचा, कोल्हापुरातून आणलेला. तो आम्ही मान समजत होतो. बांधण्याआधी काही विचारायचं असतं, अशी रीत आमच्याकडं नव्हती.

"आन् गेलो असतो तर मोकळ्या हातानं लेकीच्या दारात जाऊन बसायला लागलं असतं," तो पुढं म्हणाला. "त्ये नको वाटायचं."

"मोकळ्या हातानं जायला नको," मी म्हणालो. "कळंब्याची जागा आत्ताच नावावर करून देतो. बक्षीसपत्र करू. ते माझ्या मरणासाठी थांबत नाही. मग राहा किंवा विक."

त्यानं बायकोकडं पाहिलं. मग म्हणाला, "कळंब्याला मोठं जेल हाय न्हवं?"

"जवळच आहे."

"म्हंजे हितनं सुटायचं आन् जेलाम्होरं जाऊन ऱ्हायाचं!"

त्याची बायको पदर तोंडाशी धरून हसायला लागली. तोही हसला. मीही हसलो.

"इकतो," तो म्हणाला. "इकतो आन् गावाकडं दोन खोल्या घालतो."

पुढच्या रविवारी मुलं पुन्हा बसली. मी त्यांना सरळ सांगितलं. जागा तात्याला आत्ताच देतोय, तो पाडव्याला जाणार आहे, आणि आता वाटे नव्यानं पाडा.

थोरल्याला जागेचं दुखलं. ते साहजिक होतं. शेवटचा वाटा त्याचा, तिसराच उरेल असा त्याचा हिशोब होता, आणि ती जागा त्यानं त्याच वाट्यात घातली होती. पण तो जागेबद्दल बोलला नाही, गावाबद्दल बोलला. "गड्याला जागा दिली म्हटल्यावर गाव काय म्हणंल, अण्णा?"

"गावाला माझ्या मयतीला बोलव. वाटणीला बोलावलेलं नाही."

"मग तिसरा वाटा हलका झाला की. भरीला काय घालायचं?"

"भरीला मी आहे," मी म्हणालो. "जो घर उचलेल त्यानं मला घ्यायचं."

मुलगी म्हणाली, "अण्णा, हलका वाटा आणखी हलका केलासा की." तेव्हा मात्र तिघंही हसली.

खरी अडचण धाकट्याची होती. तो हसून झाल्यावर म्हणाला, "जाऊ दे तात्याला. मी न्हाय म्हणत न्हाय. पण ह्या पाडव्याला नको. येक साल थांबू दे. गोठ्यात इतकी जनावरं, आता ऐन वेळी माणूस कुठला आणू? पुढच्या पाडव्याला जाऊ दे की. मी त्याला जादा देतो, कपडालत्ता देतो. येकच साल."

हे बोलणं सर्वांत गोड होतं आणि मला त्याचीच धास्ती होती. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. एकच वर्ष थांबा म्हणणाऱ्याशी काय बोलायचं? त्या एका वर्षात तात्याच्या बायकोचे गुडघे आणखी दुखणार, मी आजारी पडणार, नाहीतर धाकट्याच्या घरात लग्न निघणार, आणि पाडवा आला की कुणीतरी नवा फेटा आणलेला असणार. हे मला स्वच्छ दिसत होतं. मी नकार देणार एवढ्यात मुलगी धाकट्याला म्हणाली, "दादा, एक काम कर. तू या पाडव्याला त्यांना जाऊ दे. मग चंदगडला जा, त्यांच्या दारात उभा राहा आणि म्हण, एक साल चला. तिथं ते हो म्हणाले तर घेऊन ये."

"तिथं गेल्यावर कशाला व्हय म्हणतील?" धाकटा म्हणाला.

ती त्याच्याकडं पाहत राहिली. त्याला आपलं वाक्य ऐकू आलं असावं. तो उठून बाहेर गेला, गोठ्यात बराच वेळ उभा राहिला, आणि परत येऊन म्हणाला, "निम्मी म्हसरं विकतो. उरलेली मी बघतो. पण धार काढायला मला कुणी हसायचं न्हाय." त्याला कुणी हसलं नाही. पुढं महिनाभर म्हशींनी मात्र त्याला पुष्कळ लाथा घातल्या, असं सूनबाई सांगते.

त्याच बैठकीत वाटे उचलले गेले. मुलगी सर्वांत धाकटी, म्हणून तिनं आधी उचलला.  तिनं नदीकाठचं पुराचं रान उचललं. म्हणाली, "पुराबरोबर गाळ येतो, तो फुकट मिळतो. रान दादाला करायला देते." धाकट्यानं विहिरीकडचं घेतलं. थोरल्याकडं घर, गाळा आणि मी आलो. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की वाटावं, दुकानात परत आलेला पंप पाहतोय. पुढं वकिलांनी मृत्युपत्रात बाकी सगळं लिहिलं. मी भरीला आहे हे वाक्य घालायला मात्र त्यांनी नकार दिला.

बक्षीसपत्राच्या नोंदणीला आम्ही पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात गेलो. मला घाई होती. मी तशी कुणाला सांगितली नव्हती, पण या वयात कोणत्याही सकाळी माणसाचं काही सांगता येत नाही, आणि कागद झाल्याशिवाय मी गेलो असतो तर ती दोघं पुन्हा त्याच सोप्यात, त्याच तिघांच्या मध्ये उभी राहिली असती. आमची गाडी धाकट्यानं चालवली. तो स्वतः होऊन आला होता.  कार्यालयात गर्दी होती, दुपारपर्यंत पाळी आली नाही. गड्याची बायको भाकरी घेऊन आली होती. झाडाखाली आम्ही चौघं जेवलो. माझ्यासाठी तिनं भाजी वेगळ्या डब्यात, कांदा-लसूण न घालता आणली होती, कारण त्या दिवशी माझा पर्वाचा नियम होता. तो तिला कुणी सांगितला नव्हता, तिच्या ध्यानात होता.

पाळी आली तेव्हा खुर्चीवर बसवून दोघांचे फोटो झाले, अंगठे झाले. गड्यानं सहीही केली. सावकाश, एकेक अक्षर. शेवटचा शिक्का पडला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काठीची मूठ फार घट्ट धरून बसलो होतो. बोटं सोडायला गेलो तर ती सरळ होईनात. बाहेर येऊन मी बाकावर बसलो आणि थोडं पाणी प्यालो.  धाकट्यानं विचारलं, "अण्णा, बरं वाटत न्हाय का?" मी म्हणालो, "फार बरं वाटतंय." तो बुचकळ्यात पडला. असं उत्तर मी त्याला यापूर्वी दिलं नसावं.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली. दोघं दारात आली. मी हाक मारली नाही. ती आपणहून आत आली, पाया पडली, कडुलिंब-गूळ घेतला. टेंपो बाहेर उभा होता. त्यात दोन पेट्या, बाज, वाकळा आणि माझ्या मुलीनं त्यांच्या नातवासाठी बेळगावहून पाठवलेली सायकल. कुत्रं पुढं ड्रायव्हरजवळ बसलं होतं. धाकट्यानं दोरी बांधून दिली, दोनदा ओढून पाहिली. "जातो, अण्णा," गडी म्हणाला. आमच्याकडं येतो म्हणायची पद्धत आहे. तो जातो म्हणाला, आणि मला ते योग्य वाटलं. टेंपो वळणावर गेल्यावर आम्ही आत आलो. त्या दिवशी मी दुपारी झोपलो. मी दुपारी झोपत नाही.

पुढच्या आठवड्यात मृत्युपत्रावर सही केली. डॉक्टर आणि वकील साक्षीदार होते. त्या कागदात आता जमीन होती, घर होतं, गाळा होता. माणूस एकही नव्हता.

दिवाळीनंतर गड्याच्या मुलीचा फोन आला. घर झालंय, अण्णांना बघायला या म्हणावं. मी एसटीनं गेलो. घाटाकडं रस्ता चढू लागला तसं गार वारं सुटलं. गावात उतरून विचारत गेलो. लाल चिऱ्याच्या दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात भाताची झोडणी चालली होती. गडी आणि शेजारचा एक माणूस लाकडाच्या ओंडक्यावर पेंढ्या आपटत होते. त्यानं मला पाहिलं.

"आलासा व्हय? बसा. येवढं झोडून होऊ द्या. आभाळ आलंय, भिजलं तर वाटुळं."

"चालू दे," मी म्हणालो.

त्याच्या बायकोनं खुर्ची आणून ठेवली आणि पाणी दिलं. आत चुलीवर काहीतरी शिजत होतं. ती परत आत गेली. शेजाऱ्यानं हातातली पेंढी आपटत विचारलं, "पावणे कोण?"

"वळकीचं हाईत," गडी म्हणाला. "कोल्हापूरचं." आणि त्यानं पुढची पेंढी उचलली.

त्याला सवड नव्हती आणि मला घाई नव्हती. भाताचा भुसा अंगावर येऊ लागला तशी मी खुर्ची थोडी मागं सरकवली, भिंतीच्या कडेला घेतली, आणि त्यांचं काम संपेपर्यंत बसून राहिलो.